आत्याबाई बसण्याआधी विचारते

विद्यापीठात सगळ्या विषयांना सारखाच मान असतो, असं तिथले लोक भाषणात सांगतात. खरं काय ते जेवणाच्या सुट्टीत कळतं. गणिताचे प्राध्यापक ज्या टेबलाला बसतात तिथे दुसरे आपणहून येऊन बसतात. इतिहासवाल्यांच्या टेबलाला तर खुर्ची मिळत नाही. आणि बाई ताट घेऊन बसल्या की आजूबाजूच्या दोघा-तिघांना एकदमच कुठलं तरी राहिलेलं काम आठवतं. बाई वराहपालन शिकवत.

वराहपालन हा शब्द पाटीवर, प्रमाणपत्रावर आणि कुलगुरूंच्या तोंडी. बाकी सगळं आवार 'डुकरं' म्हणे आणि बाईंना 'डुक्करबाई'. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "वराह म्हटल्याने वास कमी होत असता तर मीही म्हटलं असतं," असं त्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत. त्यांना राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. कॅन्टीनमध्ये ज्या दिवशी डुकराचं मांस असे त्या दिवशी तेच पातेलं आधी रिकामं होई, आणि ते रिकामं करणारी हीच मंडळी बाई जवळून गेल्या की श्वास रोखून धरत. खाताना नाक कुठे ठेवून येतात कोण जाणे.

बाईंचं शेड आवाराच्या पार मागच्या टोकाला होतं, कचऱ्याच्या गाड्या उभ्या राहतात त्याच्याही पलीकडे. डांबरी रस्ता वळणापर्यंत यायचा आणि तिथून पुढे जाणं आपल्या प्रतिष्ठेला शोभणार नाही, असं ठरवल्यासारखा संपायचा. पुढे खडी, मग चिखल, मग औषधी पाण्याचं कुंड. त्या कुंडात गमबूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आत दोन्ही बाजूंना डुकरिणींचे कप्पे, टोकाला बाळंतिणींचे, आणि त्यांच्यासमोर बाईंची एक लोखंडी खुर्ची. त्या खुर्चीवर बसून बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. काय करत, तर डुकरीण खाली कशी बसते ते बघत.

हे ऐकून लोक हसत, आणि हसायला कुणाचं काय जातं. पण गोष्ट साधी आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना सगळ्यात मोठा धोका असतो तो त्यांच्या आईचाच. ती एवढी जड, पिल्लं मुठीएवढी. ती अंग टाकते आणि एखादं पिल्लू खाली सापडतं. त्यावर सगळीकडे एकच उपाय करतात, आईला लोखंडी चौकटीत अडकवायचं. चौकट इतकी अरुंद की तिला वळताही येऊ नये. बाईंना तो उपाय कधी पटला नाही. दया येऊन नव्हे, दयाळू म्हणून बाईंची कुठेच ख्याती नव्हती. त्यांना तो शुद्ध आळशीपणा वाटे. त्यांचं म्हणणं असं की सगळ्या डुकरिणी धपकन बसत नाहीत. काही जणी आधी हुंकार देतात, पेंढा नाकाने चाचपतात, पिल्लांना एका बाजूला सारतात, मग गुडघे टेकतात आणि शेवटी हळूच कूस टाकतात. अशा सावध आयांच्या मुली निवडत गेलं तर चौकट लागणारच नाही.

त्या सावध आयांमधली सगळ्यात सावध होती आत्याबाई. हे नाव शेडवरच्या मामांनी ठेवलेलं. मामा म्हणजे शेडचे जुने नोकर, सगळ्या विद्यापीठाचे मामा. त्यांची एक आत्या होती म्हणे, ती कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी प्रत्येकाला विचारायची, "इथे बसू का, कुणाची जागा नाही ना?" ही डुकरीणही तशीच. गुरगुरत सगळ्यांची चौकशी करणार, कोपरान् कोपरा हुंगणार, आणि मगच बसणार. तिच्याखाली आजवर एकही पिल्लू सापडलं नव्हतं. बाई आपल्या सख्ख्या नणंदेबद्दल जेवढ्या आपुलकीने बोलत नसत तेवढ्या आत्याबाईबद्दल बोलत.

घरी हा विषय निघत नसे. घराला मागचं दार होतं आणि बाईंनी त्याच दाराने यायचं, परस्पर न्हाणीत जायचं, कपडे बादलीत टाकायचे आणि मगच माणसात यायचं, असा सासूबाईंचा दंडक होता. शेजारणीने विचारलं तर सासूबाई सांगत, "सून विज्ञान शिकवते." नवरा भला माणूस होता. तो काहीच सांगत नसे. एका हिवाळ्यात परगावी नोकरी करणारी लेक घरी आली, तिने जंतुनाशकाने फुटलेले आईचे हात पाहिले आणि गुलाबाच्या वासाच्या मलमाची डबी आणून दिली. "आई, निदान हात तरी माणसासारखे दिसू देत." बाईंनी नाक मुरडलं. पण लेकीने प्रेमाने आणलंय म्हणून डबी संपेपर्यंत रोज चोळलं.

आता बाईंचंही सगळंच गोड होतं असं नाही. तुसडेपणात त्यांचा हात धरणारं विभागात कुणी नव्हतं. विद्यार्थी त्यांना आळशी वाटत, सहकारी पुस्तकी वाटत, गुरांच्या विभागातले लोक तर दुधावर आलेल्या सायीसारखे वाटत, नुसतेच वर तरंगणारे. आणि शेडमध्ये त्यांचा एक नियम होता. जी डुकरीण आपल्या पिल्लाला चावेल किंवा उडवून मारेल ती कळपातून बाहेर. बाहेर म्हणजे खाटकाच्या गाडीत. कारण विचारायचं नाही. एखादी विद्यार्थिनी कळवळून म्हणे, "मॅडम, पहिलीच खेप आहे तिची, घाबरली असेल." बाई म्हणत, "घाबरट आया मला नकोत." आत्याबाईची सख्खी बहीण, तिच्याइतकीच शांत, एकदा अशीच अचानक स्वतःच्या पिल्लांवर उलटली. मामांनी रदबदली केली. "एवढ्या खेपेला राहू द्या, बाई. हिचा स्वभाव नाही हा." बाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गाडीत होती.

विभागप्रमुखांना सगळे 'रुमाल' म्हणत. कारण उघड आहे. ते शेडच्या दिशेने वळले की खिशातला रुमाल आपोआप नाकाला जायचा. रस्ता संपायचा तिथे त्यांची जिज्ञासाही संपायची. मात्र वराहपालनावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक त्यांनीच लिहिलेलं. संशोधन त्यांनी खाद्याच्या गणितावर केलं होतं, ते कागदावर करता येतं आणि कागदाला वास येत नाही. बाईंचा सावध आयांवरचा निबंध एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव रुमालांचं होतं. विभागप्रमुखांचं नाव पहिलं घालायचं, अशी पद्धत. पद्धत कुणी पाडली ते विचारायचं नाही, अशीही पद्धत.

तर अशा या विभागावर एक समिती येऊन धडकली. शेड चालू ठेवायचं की बंद करायचं, एवढंच तिला ठरवायचं होतं. शेड म्हणजे वास, तक्रारी आणि खर्च. त्याऐवजी विद्यार्थ्यांना डोळ्यांवर चष्मे चढवून पडद्यावरची डुकरं दाखवता येतील, अशी एक कल्पना वर कुणाच्या तरी डोक्यात शिरली होती. पडद्यावरची डुकरं चावत नाहीत, हगत नाहीत आणि बाळंतही होत नाहीत, त्यामुळे ती सगळ्यांना पसंत होती. शेड बंद झालं तर आत्याबाईसकट सगळा कळप खाटकाकडे जाणार, आणि बाईंचं आयुष्यभराचं बघणं त्याच गाडीतून जाणार. रुमालांनाही शेड हवंच होतं. ते गेलं की विभाग गुरांच्या विभागात विलीन होणार, आणि मग त्यांच्या त्या फिरत्या खुर्चीवर गुरांचे प्रमुख बसणार.

आदल्या दिवशी रुमालांनी बाईंना बोलावून घेतलं. "मॅडम, उद्या फक्त एक उपकार करा. तोंड बंद ठेवा."

"आणि समितीने काही विचारलं तर?"

"मी बोलेन."

"तुम्ही? शेडबद्दल? तुम्ही शेवटचे आत कधी आला होतात, सर?"

"मॅडम, पुस्तक मी लिहिलंय," रुमाल म्हणाले. हे त्यांचं ब्रह्मास्त्र होतं. "आणि उद्या सकाळी माझा वर्ग आहे, तेवढा तुम्ही घ्या. मला समितीला आणायला जायचंय."

बाईंना यात काही वावगं दिसलं नाही. आत्याबाई त्याच दिवशी पहाटे सुखरूप बाळंत झाली होती, पिल्लं धडधाकट होती. समितीला दाखवायला यापेक्षा चांगलं काय असणार? ती बसताना फक्त बघा म्हणावं.

सकाळी बाईंनी रुमालांचा वर्ग घेतला. नवजात पिल्लांची निगा, रुमालांच्याच पुस्तकातलं प्रकरण. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण या एका पानावर त्यांचं आणि पुस्तकाचं एकमत होतं. पिल्लू कोरडं ठेवावं. पहिले काही दिवस त्याला पाणी लावू नये, कुठल्याही वासाची वस्तू लावू नये. आई पिल्लाला वासाने ओळखते. मागच्या बाकावरचा एकजण जांभई देत होता. बाई त्याला म्हणाल्या, "झोपा, झोपा. परीक्षेत हेच येणार आहे, आणि शेडमध्येही हेच."

वर्ग सुटल्यावर त्या लगबगीने शेडकडे निघाल्या. खडीच्या रस्त्यावरच त्यांची पावलं अडखळली. वारा शेडकडून येत होता आणि वाऱ्याला फुलांचा वास होता. इतक्या वर्षांत त्या बाजूने असा वास कधी आला नव्हता. त्यांनी गमबूट कसेबसे चढवले.

मामा झाडू घेऊन उभे होते, नवा कोरा गणवेश घालून.

"मामा, हा वास कसला?"

"साहेबांनी वासाच्या साबणाचा कॅन पाठवला. अंगाला लावायचा."

"कुणाच्या अंगाला?"

"पुढच्या कप्प्यांतल्या आणि बाळंतिणींच्या. समिती तेवढंच बघणार म्हणाले."

"आत्याबाईच्या?"

"ती कुठली हात लावू देतेय. तिची पिल्लं धुतली फक्त. कोमट पाण्याने धुतली हो, पुसूनबिसून घेतली. मी काय वेडा आहे?"

"मामा, काल जन्मलेली पिल्लं धुतात का?"

"नाही धूत."

"मग?"

मामांनी झाडू या हातातून त्या हातात घेतला. "मी म्हटलं, बाईंना विचारतो. तर साहेब म्हणाले, बाई वर्गात आहेत. आणि म्हणाले, पुस्तक मी लिहिलंय."

बाईंना पुढे काही बोलायला सवडच मिळाली नाही. रस्त्याच्या वळणावर गाडीची दारं वाजली.

समिती म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष फळझाडांचे तज्ज्ञ. डुकरांबद्दलचा निर्णय फळझाडवाल्याने घ्यायचा, यात विद्यापीठात कुणालाच गैर वाटलं नव्हतं. दुसरे हिशेबखात्यातले, त्यांची नजर छपरावर, कारण छपराची दुरुस्ती त्यांच्याच टेबलावर अडली होती. तिसऱ्यांनी शेवटपर्यंत फोनमधून डोकं वर काढलं नाही, त्यामुळे ते कोण होते हे आजही कुणाला नीटसं सांगता येत नाही. औषधी पाण्याच्या कुंडाला वळसा घालून तिघेही आत आले. बाईंचा तिळपापड झाला, पण तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं.

अध्यक्षांनी नाक फेंदारून छातीभर श्वास घेतला. "वा. इथे तर बागेत आल्यासारखं वाटतंय."

"स्वच्छता हेच आमचं ब्रीद आहे, सर," रुमाल म्हणाले. आज त्यांच्या हातात रुमाल नव्हता. "आणि ही आमच्या संशोधनातली सर्वोत्तम माता. अनेक वर्षांच्या निवडीतून तयार केलेली."

आत्याबाई कप्प्यात उभी होती. उबेच्या दिव्याखाली पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती, त्यांची कातडी अजून ओलसर चमकत होती. भुकेने ती एकेक करून आईकडे सरकली. पहिलं पिल्लू तिच्या पोटाशी पोहोचलं. आत्याबाईने मान वळवून त्याला हुंगलं, आणि भुंकल्यासारखा आवाज काढून नाकाच्या फटकाऱ्याने त्याला भिंतीवर भिरकावलं.

"हे काय करतेय ती?" अध्यक्ष दचकून मागे सरले.

रुमाल हसले. "खेळतेय, सर. आया खेळवतात ना मुलांना, तशी. प्रेमळ जनावर आहे."

"असं होय," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांचं समाधान झालेलं दिसलं. हिशेबवाले छपराकडे पाहत होते.

बाई कप्प्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. रुमाल त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच काकुळती होती. गप्प राहिलं की झालं. खेळतेय हा एक शब्द गिळला की शेड वाचलं, कळप वाचला, आत्याबाई वाचली. उलट खरं बोललं तर संपलंच. मारकी डुकरीण कळपात ठेवायची नाही हा नियम दुसऱ्या कुणाचा नव्हता, बाईंचाच होता. आयुष्यात कधी नव्हे ते बाईंना रुमालांचं म्हणणं शहाणपणाचं वाटलं, आणि त्याचीच त्यांना किळस आली.

दुसरं पिल्लू आईकडे निघालं.

"खेळत नाहीये," बाई म्हणाल्या. "मारतेय. पिल्लांना साबणाचा वास येतोय, म्हणून तिला ती आपली वाटत नाहीत. कालची पिल्लं आज आम्ही धुतली. का, तर तुम्हाला वास येऊ नये म्हणून."

"मॅडम," रुमाल म्हणाले.

"म्हणजे हे जनावर धोकादायक आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत्ता आहे. धोका कॅनमधून आलाय." एवढं बोलून बाई कठडा ओलांडून आत उतरल्या. वर्गात जायचं म्हणून नेसलेली चांगली साडी होती, तिचा काठ घाणीत गेला. लाकडी फळी आडवी धरून त्यांनी आत्याबाईला कोपऱ्यात रेटलं आणि दुसऱ्या हाताने पिल्लं टोपलीत भरायला सुरुवात केली.

समितीच्या मागे हलकासा आवाज झाला, तो चहा तयार असल्याचं सांगणाऱ्या शिपायाचा होता. रुमालांनी समितीला अलगद त्या दिशेने वळवलं. "आमच्या मॅडम जरा भावनाप्रधान आहेत," असं जाता जाता त्यांचं वाक्य बाईंच्या कानावर पडलं. बाईंना आजवर बरीच विशेषणं मिळाली होती, पण हे नवीन होतं.

मग बाईंनी जे केलं ते बघायला कुणी नव्हतं. मामांनाही चहाच्या कपांसाठी बोलावून नेलं होतं. बाईंनी पिल्लं दिव्याखाली पूर्ण कोरडी केली. कप्प्याच्या कोपऱ्यातला, आत्याबाई रात्रभर ज्यावर पडली होती तो ओला, घाण पेंढा घेतला आणि एकेका पिल्लाला त्याने नखशिखांत चोळलं. विष्ठा चोळली, मूत चोळलं. जे धुवायला एवढी धावपळ झाली होती ते सगळं परत लावलं. भिंतीवर आपटलेलं पिल्लू दिव्याखालीच गार झालं होतं. ते त्यांनी पदराखाली घेतलं आणि थोड्या वेळाने तिथूनही बाजूला ठेवलं. उरलेली त्यांनी जरा अंतरावर पेंढ्यात सोडली आणि फळी उचलून त्या बाहेर आल्या, आपल्या लोखंडी खुर्चीवर बसल्या.

आत्याबाई कितीतरी वेळ हलली नाही. मग पुढे आली. पहिल्या पिल्लाला हुंगलं, पुन्हा हुंगलं. हुंकार दिला. पेंढा नाकाने चाचपला, एका पिल्लाला या बाजूला सारलं, दुसऱ्याला त्या बाजूला. इथे बसू का, कुणाची जागा नाही ना. गुडघे टेकले. आणि हळूच, अगदी हळूच, कूस टाकली. पिल्लं धडपडत आपापल्या सडाला जाऊन लागली.

सगळं आयुष्य जे एखाद्याला दाखवावं म्हणून बाई झुरल्या होत्या ते नेमकं त्या वेळी घडलं, आणि ठरवण्याचा अधिकार असलेली सगळी नाकं तेव्हा चहाच्या कपात होती. बाई रडल्या. घाणीने माखलेल्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते म्हणून तशाच बसून राहिल्या.

अहवाल आला तो वाचून बाईंना हसावं की कपाळ बडवावं कळेना. शेड चालू ठेवावं, असं समितीचं मत पडलं होतं. कारण, तिथली अनुकरणीय स्वच्छता आणि प्रसन्न सुगंध. आत्याबाईबद्दलही एक ओळ होती. पाहणीच्या वेळी माता आपल्या पिल्लांशी खेळताना आढळली. बाईंनी अध्यक्षांच्या तोंडावर सांगितलेलं खरं कुठल्या कुठे गेलं होतं, आणि रुमालांचं खोटं शिक्क्यासह सरकारी सत्य झालं होतं.

विभागाची बैठक भरली. रुमाल आनंदात होते. आभार मानून झाले, कॅन पाठवणाऱ्या दुकानदाराचेही मानून झाले. मग त्यांनी आवाज मऊ केला, आणि विभागातल्या जुन्या लोकांनी माना खाली घातल्या, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"मॅडम, एकच राहिलं. अहवालात काहीही असो, तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर म्हणालात की ती मारत होती. एक पिल्लू गेलंही. मग नियमाप्रमाणे ती डुकरीण कळपात कशी राहील? नियम तुमचाच आहे. कारण विचारायचं नाही, असं तुम्हीच म्हणता."

सूड घ्यायचा झाला तरी कुणाच्या तरी नियमाच्या आडून, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. बाई उसळून उठल्या.

"तिचा काय दोष? पिल्लांना दुसराच वास लागला होता. कुणीतरी वासाचे हात लावले की कुठलीही आई..."

वाक्य तिथेच अडलं. बाई टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या. भेगाळलेले, खडबडीत हात. एका हिवाळ्यात ते मऊ झाले होते. लेकीने आणलेल्या डबीतलं मलम रोज सकाळी चोळून त्या शेडवर येत होत्या. आणि त्याच हातांनी त्यांनी आत्याबाईच्या बहिणीची पिल्लं एकेक करून उचलली होती, उलटीसुलटी करून पाहिली होती, परत आईपुढे ठेवली होती. मामा म्हणाले होते, हिचा स्वभाव नाही हा. बाईंनी मान वर केली नव्हती.

आणि तिच्याआधीच्या? विद्यार्थिनींच्या केसांना काय काय लावलेलं असायचं, कुणास ठाऊक. कुणी विचारलं होतं? कारण विचारायचं नाही, हा नियमच होता. साऱ्या विद्यापीठाने नाकाला रुमाल लावला म्हणून जन्मभर ज्या बाईने नाकाने कांदे सोलले, त्या बाईने एवढ्या वर्षांत स्वतःचे हात एकदाही हुंगून पाहिले नव्हते.

"बोला, मॅडम," रुमाल म्हणाले. "नियम लावायचा की नाही?"

"नियम चुकलाय," बाई म्हणाल्या.

खुर्च्या करकरल्या. बाईंच्या तोंडून हा शब्द स्वतःबद्दल निघालेला तिथल्या कुणी ऐकला नव्हता.

"ज्यांना मी मारक्या म्हणून काढलं त्यातल्या कितीजणी खरंच मारक्या होत्या, मला माहीत नाही. काहींना मीच मारकं केलं असणार. म्हणजे सावध आयांचं जे अनुमान आपण काढलं तेही कच्चं आहे. आत्याबाई राहील. आणि तो छापून आलेला निबंध मागे घ्यावा लागेल. सगळं पुन्हा बघावं लागेल, पहिल्यापासून."

रुमालांचा चेहरा पहिल्यांदाच खरोखर बदलला. पिल्लू भिंतीवर आपटलं तेव्हा तो बदलला नव्हता. "मागे? मॅडम, त्याच्यावर पहिलं नाव माझं आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून पत्रावरही आधी तुम्हीच सही करायची. पद्धत आहे."

बाईंच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती, आणि डुकरिणींच्या पिढ्या काही माणसांच्या घाईने होत नाहीत. सगळं पहिल्यापासून म्हणजे ते त्यांच्या हयातीत पुरं होणार नव्हतं, हे बाईंना सगळ्यांत आधी समजलं. त्या संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे मागच्या दाराने घरी गेल्या, न्हाणीत बसून राहिल्या, आणि सासूबाईंनी दार वाजवल्यावर, "येते," एवढंच म्हणाल्या.

नव्या वर्गाचा शेडवरचा पहिला दिवस उजाडला. मुलंमुली कुंडात बूट बुडवून रांगेने उभी होती, काहींचे हात नाकाशी. एका मुलीला बाईंनी थांबवलं.

"केसांना काय लावलंयस?"

"तेल, मॅडम."

"वासाचं?"

"हो, थोडंसं."

"मग आज कठड्याबाहेरून बघ. आत नको." मुलगी हिरमुसली. बाईंनी एरवी पुढे आणखी दोन शब्द सुनावले असते, आज सुनावले नाहीत. त्यांनी साध्या पाण्याने हात धुतले, पुसले, दोन्ही तळवे नाकाशी नेले आणि सगळ्या वर्गासमोर नीट, सावकाश हुंगले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. त्यांनी तळवे उलटे करून पुन्हा एकदा हुंगले, आणि मग आत्याबाईच्या कप्प्याची कडी काढली.